माळवदाचा गारवा, माळवदाचं ओझं

लातूर-उस्मानाबाद भागात पूर्वी घर चौरस फुटांत कुणी मोजत नसे. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण, आणि घर मोजायचं ते खणांत. सोयरीक जुळवताना 'घर केवढं?' या प्रश्नाला 'नऊ खणांचं माळवद आहे' एवढं उत्तर पुरे व्हायचं. माझे आबा सुतार. औसा तालुक्यात त्यांनी आयुष्यभर खण उभे केले. मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकले आणि हाती पहिलं काम आलं ते १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या घरदुरुस्तीचं. तेव्हापासून दोनच प्रश्न माझ्या मागे आहेत: घर हादऱ्यात उभं कसं राहील, आणि मे महिन्यात आतला माणूस तग कसा धरील. हा एकच प्रश्न आहे असं माझं मत आहे, आणि ते बनलं माळवदामुळे.

माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर. कुणी त्याला धाबं म्हणतं. ते खालून वर कसं रचत, हे आबांच्या तोंडून ऐकलेलं मी इथे लिहून ठेवते, कारण असं छप्पर नव्याने घालणारा सुतार आता शोधूनही सापडत नाही. आधी दगडी तळखडा, त्यावर खांब. खांब जमिनीत गाडायचा नाही, म्हणजे वाळवी आणि ओल दोन्ही लांब राहतात. खांबाच्या डोक्यावर हस्त, हस्तावर तुळई, तुळयांवर आडव्या कड्या. ऐपत असेल तर कड्यांवर सागाचे पाट, नसेल तर लाकडाच्या किलच्या. त्यावर तुराट्या किंवा पाला अंथरायचा, चिखलाचा थर द्यायचा आणि मग माती. शेतातली काळी माती इथे चालत नाही. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि त्या भेगांतून पाणी आत येतं. माती आणायची गावठाणातली, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडझडीतून साठलेली पांढरी. ती पसरून चोपायची आणि पाणी पन्हळीकडे जाईल असा हलका उतार ठेवायचा. उजेड यावा आणि चुलीचा धूर जावा म्हणून मध्ये सवणं, म्हणजे छपरातलं भोक. पाऊस आला की त्यावर झाकण.

भिंती काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या. दोन फुटांची भिंत ही बारीक; मोठ्या वाड्यांतून पाच-सहा फूट जाडीच्याही भिंती होत्या. त्यांच्या पोटात कोनाडे, देवळ्या, कुठे धान्याचं बळद. बाहेरच्या अंगाला खिडकी जवळजवळ नाहीच. एवढी जाड भिंत कशाला, असं विचारलं की म्हातारी माणसं चोरदरोड्यांचं नाव घेत. पण खणांच्या घरात छप्पर या भिंतीवर बसत नसे, हे महत्त्वाचं. ते लाकडी सांगाड्यावर असे. भिंत सभोवती नुसती आडोशाला. आबा सांगत, खांब आणि तुळई यांचा जोड नीट बसला तर भिंत काढून नवी घाला, घराला कळणारही नाही.

हे झालं खातेदाराच्या घराचं. ज्याला लाकूड परवडत नव्हतं त्याच्या घरात कड्या थेट दगडी भिंतीवर टेकवलेल्या असत. जंगल उतरत गेलं, लाकूड महाग झालं, तशी अशी घरं वाढली. बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. एकाला सांगाडा आहे आणि एकाला नाही, हे आत शिरल्याशिवाय कळत नाही. पुढे याच फरकावर कितीतरी जीव वाचले आणि गेले.

उन्हाळ्याचं सांगते. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो. दुपारचं ऊन जाड मातीवर आणि दगडावर पडतं, पण त्याची धग आत पोचायला रात्र उलटून जाते. तोवर बाहेर गार वारा सुटलेला असतो आणि माणसं माळवदावर अंथरूण टाकून झोपलेली असतात. दुपारी घरात, रात्री छपरावर, असा त्या घराचा उन्हाळा होता. चार-पाच इंचांच्या काँक्रीटच्या स्लॅबमधून तीच धग तीन-चार तासांत खाली उतरते, म्हणजे ऐन संध्याकाळी, बाई स्वयंपाकाला बसते तेव्हा.

आता ओझ्याचं. माळवद दर पावसाळ्यात थोडं धुपतं, कुठेतरी गळतं. मृगाआधी वर जाऊन चार पाट्या माती टाकायची आणि चोपायची, ही घरोघरची रीत होती. आबांच्या म्हणण्याप्रमाणे नवी माती टाकण्याआधी जुनी खरवडून काढायची असते. ते कष्टाचं काम, त्यामुळे ते हळूहळू सुटलं आणि टाकणं तेवढं राहिलं. वर्षाला बोटभर थर टाकला आणि त्यातला बराच पावसात धुपून गेला म्हटलं, तरी दोन पिढ्यांत छप्पर फुटाचं दोन फूट होतं. दहा बाय दहाच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे नऊ-दहा टन वजन. हे वजन हळूहळू चढलं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. भिंतींचंही असंच झालं. जुन्या भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जाणारा लांब दगड बसवलेला असे. तो बाहेरचा आणि आतला पदर एकमेकांना धरून ठेवी. असा दगड घडवायला वेळ लागतो, दोन माणसं लागतात. पुढे भिंती घाईत, गोट्यांच्या, दोन सुट्या पदरांच्या आणि मध्ये नुसती खडी-माती कोंबलेल्या अशा होऊ लागल्या. अशी भिंत जितकी जाड तितकी कच्ची, हे ऐकायला उलटं वाटतं, पण खरं तसंच आहे.

भूकंपाचा विचार मात्र कुणाच्या मनात नव्हता. दख्खनचं पठार जुनं, घट्ट, हलणारं नव्हे, असं शास्त्रज्ञही मानत. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा या समजाला पहिला तडा गेला. पण तो धरणाच्या भागापुरता असं धरलं गेलं. देशाच्या भूकंप नकाशाची १९८४ ची आवृत्ती काढून पाहा: किल्लारी पहिल्या विभागात आहे, म्हणजे सगळ्यांत कमी धोक्याच्या. १९९२ च्या पावसाळ्यानंतर किल्लारी परिसरात लहानलहान धक्के बसायला लागले. लोक घाबरले, काही दिवस उघड्यावर झोपले, आणि धक्के थांबले तसे घरात परतले.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती; गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती, आणि पावसाळा असल्यामुळे माळवदावर नव्हे, माळवदाखाली. धक्का ६.२ ते ६.४ च्या दरम्यानचा. जगाच्या मोजमापात हा फार मोठा भूकंप नव्हे. सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसं गेली. किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ, पेठसांगवी, राजेगाव: ही नावं आमच्याकडे अजूनही कुणी सहज उच्चारत नाही.

घरं कशी पडली, हे पुढच्या आठवड्यांत अभियंत्यांनी गावोगाव फिरून नोंदवलं. भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून सुटले, बाहेरचा गल्लीत कोसळला आणि आतला झोपलेल्या माणसांवर. जिथे छप्पर भिंतीवर टेकलेलं होतं तिथे ते सगळं टनावारी खाली आलं. पण अनेक ठिकाणी भिंती ढासळूनही लाकडी सांगाडा आणि त्यावरचं माळवद उभं होतं. दगडाच्या ढिगातून वर आलेले खांब आणि त्यांवर शाबूत छप्पर, असे त्या वेळचे फोटो आहेत. गावाबाहेरच्या कुडाच्या आणि गवताच्या झोपड्यांत राहणारे गरीब बहुतेक वाचले. म्हणजे उत्तर त्याच पहाटे समोर होतं: सांगाडा टिकला, जोड नसलेली भिंत आणि नको इतकी माती यांनी घात केला.

ते उत्तर ऐकायच्या मनःस्थितीत तेव्हा कोणी नव्हतं, आणि त्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही. ज्यानं दगडाखालून लेकरू काढलं त्याला दगडाचं घर नको होतं. 'दगडमातीनं मारलं' हा निकाल लोकांनी दिला आणि सरकारनंही तो धरला. ५२ गावं नव्या जागी हलवण्याचं ठरलं. जागतिक बँकेच्या कर्जावर राज्यानं मोठा पुनर्वसन प्रकल्प उभारला, कितीतरी संस्थांनी गावं दत्तक घेतली. जमिनीच्या मालकीप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं दिली गेली. काँक्रीटचे ठोकळे, विटा, वर स्लॅब. काही ठिकाणी घुमटाकार घरंसुद्धा. सरळ रेषेत आखलेले रुंद रस्ते. ढाळज गेली, ओसरी गेली, बळद गेलं, गुरं बांधायची जागा गेली. या कामाचा वेग आणि आवाका खरोखर मोठा होता, आणि ती घरं मजबूत आहेत, हेही सांगितलं पाहिजे. उन्हाळ्याचा विचार त्यांच्या आराखड्यात नव्हता.

जी गावं हलवायची नव्हती, त्यांच्यासाठी दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम होता. लातूर-उस्मानाबादच्या पलीकडेही तो पसरला होता. माझं काम त्यात. रूडकीचे प्राध्यापक आनंद आर्य यांनी दगडमातीची घरं कशी बळकट करायची याचे जे नियम घालून दिले होते, त्यांच्या आधारे आम्ही घरोघर जात होतो. योगायोग असा की, दगडी भिंतींसाठीचं आय.एस. १३८२८ आणि मातीच्या घरांसाठीचं आय.एस. १३८२७ ही दोन्ही भारतीय मानकं १९९३ चीच. पहिल्यात लिहिलंय की, दगडी भिंत ४५० मिलिमीटरहून जाड नको, म्हणजे दीड फूट. आरपार दगड उभ्यात दर दोन फुटांवर आणि आडव्यात फार तर चार फुटांवर हवा. आबांनी हा नियम माझ्याकडून ऐकला आणि म्हणाले, 'हे तर आमच्या लहानपणीच्या गवंड्यांना ठाऊक होतं गं.'

आरपार दगड नसलेल्या भिंतीत तो मागाहून कसा घालायचा, हे काम मला सगळ्यांत आवडायचं. बाहेरच्या बाजूचा एक दगड हलक्या हातानं सुटा करायचा. पहारीचे घाव घालायचे नाहीत. हादऱ्यानं पदर फुगतो. मग मधली भर बोटांनी आणि छोट्या सळईनं खरवडून काढायची. हात खांद्यापर्यंत भिंतीत जातो. आत कोरडी, थंड माती लागते, कधी एखादं जुनं खापर, कधी उंदरानं नेलेली ज्वारी. आतला दगड सुटला की भोक आरपार होतं. त्यात दोन्ही टोकांना आकडा वळवलेली सळई आडवी ठेवायची, काँक्रीट ठासून भरायचं आणि दहा दिवस पाणी मारायचं. असे दुवे साधारण दर मीटरवर. नंतर दारांच्या वर सगळ्या भिंतींना बांधणारा जाळीचा आणि सिमेंटचा पट्टा, खांब-तुळईच्या कोनात तिरपे आधार, आणि छपरावरची जादा माती खाली. माझ्याबरोबर एक वयस्क गवंडी असत. पहिल्याच भोकात हात घालून ते म्हणाले होते, 'ताई, धोंडा लई हाय, पर धोंड्याला धोंडा धरून न्हाई.' आमच्या सगळ्या अहवालांचं सार त्या वाक्यात होतं.

या कार्यक्रमात गावोगाव बायका पुढे आल्या, याची नोंद हवी. स्वयम् शिक्षण प्रयोग या प्रेमा गोपालन यांच्या संस्थेनं महिला मंडळांना कामात ओढलं. त्यांतल्या 'संवाद सहायक' बायका घरोघर जाऊन अनुदान कसं मिळतं, सळई कुठे घालायची, सिमेंटचं प्रमाण काय, हे समजावत आणि मिस्त्रीला जाबही विचारत. भिंतीतला दुवा म्हणजे काय हे त्यांना लगेच कळायचं. पण पुरुषमंडळींचा ओढा दुसरीकडे. जुनं बळकट करण्यापेक्षा त्याच पैशात सिमेंटची एक नवी खोली बांधावी, असं बहुतेकांना वाटलं, आणि तसंच झालं. जुन्या घराचं लाकूड विकलं गेलं. मजबूत केलेलं माळवद हे अपवादच राहिलं.

रोहित जिज्ञासू या संशोधकानं पुढे या सगळ्याचा माग काढला. नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या विद्यापीठात २००२ साली त्यांनी भारत आणि नेपाळमधल्या भूकंपप्रवण खेड्यांवर प्रबंध सादर केला, त्यात मराठवाडा मध्यवर्ती आहे. स्थानिक ज्ञान आणि कसब हीच आपत्तीतली ताकद असते, ती कशी झिजते आणि पुनर्वसनात ती कशी वाया जाते, हा त्यांचा विषय. माझ्यासारखीला त्यातून धीर आला. जे मी भिंतीत हात घालून पाहिलं होतं त्याला कुणीतरी नीट मांडणी दिली होती. भूकंपानं एका रात्रीत जे पाडलं, ते आधी पन्नास वर्षं हळूहळू सैल होत आलं होतं.

२००१ मध्ये कच्छ हादरलं तेव्हा तिथल्या बन्नी भागातली 'भुंगा' म्हणवली जाणारी गोल मातीची घरं मोठ्या संख्येनं उभी राहिली. मातीचं घर आकारानं आणि जोडांनी शहाणं असलं तर टिकतं, याचा तो उघड पुरावा होता. देशाच्या २००२ च्या नव्या भूकंप नकाशात पहिला विभागच काढून टाकला गेला आणि किल्लारी परिसर तिसऱ्या विभागात आला.

आता ऊर्जेचं. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं डिसेंबर २०१८ मध्ये घरांसाठी 'इको-निवास संहिता' आणली. भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा त्यात आहे, आणि छपरासाठीही आहे: आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून फार तर १.२ वॅट. मी तिच्या आधारे आपल्या छपरांचा हिशेब मांडला. उघडा पाच इंची स्लॅब ही मर्यादा सुमारे तिप्पट ओलांडतो. फूटभर मातीचं माळवद थोडक्यात नापास होतं. दोन फूट मातीचं माळवद पास होतं. म्हणजे गारव्यासाठी जेवढी माती लागते, तेवढीच भूकंपात जीव घेते. आमच्या पूर्वजांनी एका प्रश्नाचं उत्तर दिलं आणि दुसरा वाढवून ठेवला. आम्ही १९९३ नंतर दुसऱ्याचं दिलं आणि पहिला वाढवून ठेवला.

यातून वाट नाही असं नाही. स्लॅबच्या वर दोन इंच उष्णतारोधक थर घातला तर तो दोन फूट मातीहून जास्त उष्णता अडवतो, आणि वजन जवळजवळ काही नाही. वर चुना किंवा पांढऱ्या फुटक्या फरशीचा लेप दिला तर ऊन परत जातं. पैसा कमी असेल तर नुसता चुनासुद्धा फरक करतो. भिंत दीड फुटाची, दुव्यांनी आणि पट्ट्यानं बांधलेली दगडी चालते. ओसरी हवी, म्हणजे भिंतीवर सावली पडते. पण संहिता २०१८ ला आली तेव्हा ती किमान ५०० चौरस मीटरच्या भूखंडांसाठी होती. किल्लारीच्या पुनर्वसितांच्या २५० चौरस फुटांच्या घराला तिचं काहीच लागू नव्हतं. भूकंपाची मानकं दुसऱ्या पुस्तकात, उष्णतेची दुसऱ्या, आणि त्या दोन पुस्तकांचे लोक एका टेबलाशी क्वचित बसतात. मे महिन्यात वीज जाते, कूलर बंद पडतो, आणि भूकंपात उभं राहू शकणाऱ्या घरातून म्हातारी माणसं लिंबाखाली येऊन बसतात. अशा घराला मी सुरक्षित म्हणणार नाही.

आजही औसा, निलंगा, उमरगा, लोहारा भागात जुनी माळवदं उभी आहेत, दरवर्षी थोडी कमी होत. तुमच्या गावी असं घर असेल आणि ते पाडायचं ठरलं असेल, तर आधी आत जाऊन वर पाहा: कड्या तुळईवर आहेत की भिंतीवर. सांगाडा असेल तर जाणत्या अभियंत्याला दाखवा, छपरावरची जादा माती उतरवा, भिंतीत दुवे घाला, वरून पट्टा बांधा. ते घर तुमच्या नातवांनाही पुरेल. सांगाडा नसेल तर त्याखाली झोपू नका, आणि पावसाळ्याआधी ते उतरवा. नवा स्लॅब टाकणार असाल तर तो उघडा सोडू नका. आणि घराचा नकाशा घेऊन कुणी आला, तर त्याला सळई किती एमएमची हे विचारताना छपरावर ऊन अडवायला काय घातलं आहे, हेही विचारा.